कदाचित मीठपाणी

कारागांडात सकाळ होते ती आधी खिडकीत,
मग किटलीत, मग शेजारच्या कुत्र्यात.
माझ्या बोटांत ती साडेदहाला पोचते.
तोवर मी दोन्ही मुठी
कोमट पाण्याच्या तसराळ्यात घालून बसते,
गोठलेलं मटण ठेवावं तशी.

एकतीस वर्षं या हातांनी मुलं झेलली.
खाणकामगारांची, जर्मनांची, कोरियनांची, आमची.
आडवी, पायाळू, गळ्यात फास घेऊन आलेली.
आमच्यात नाळ कापणारीला किंदिक शेशे म्हणतात,
बेंबीची आई.
तिला मानाचं कापड, लग्नात वरची जागा.
माझ्याकडे कपाटभर कापडं आहेत
आणि सुईत दोरा ओवता येत नाही.

डॉक्टर मेरुयेर्त माझ्या मुलीहून लहान.
अकरा पानी कागद पुढे सरकवून म्हणाली,
आपा, तुमचं रक्त तुम्हालाच ओळखत नाही.
सैन्य चांगलं आहे, पण कुणी त्याचे कान भरलेत
की शत्रू सांध्यांत दडलाय.
गोळ्या त्या सैन्याला उपाशी ठेवतात.
या मूळपेशी, बाळाच्या नाळेतल्या,
त्याच्याशी बोलतात. बहुतेक.

बहुतेक? मी विचारलं.
बहुतेक, ती म्हणाली.
तो शब्द मला आवडला.
याआधी बाजारामागच्या दवाखान्यात
एका गृहस्थाने दोन गाईंच्या किमतीत
नवे सांधे उगवून द्यायचं कबूल केलं होतं.
मी म्हटलं, उगवतात ते बटाटे.

इथे पैसे नाहीत, चिठ्ठी आहे.
कागदात गुंडाळलेल्या दोन पिशव्या, जुळ्या.
एकीत पेशी, एकीत नुसतं मीठपाणी.
माझी कुठली, ते मेरुयेर्तलाही ठाऊक नाही.
जुळ्यांचं मला विचारा.
एकाच्या पायात दोरा बांधावाच लागतो.

नळीतून थेंब उतरत होते आणि मी मोजत होते,
थेंब नाही, नाळा.
सात हजार तरी.
बादलीत टाकल्या, झाकण लावलं, भट्टीत गेल्या.
कात्रीखालून निसटायच्या, ओल्या दोरासारख्या,
आत पांढुरकी खळ.
त्या खळीतच होतं म्हणे सगळं.
एखादी सासू मागून न्यायची, रुमालात बांधून,
मुलाची घोड्याच्या आयाळीला, मुलीची चुलीखाली,
आणि मी, सोविएत पदविकेची,
हातमोजे काढता काढता हसायचे.

राहतात का त्या आत? भाडेकरूसारख्या?
नाही आपा. थोडेच दिवस.
सांगायचं ते सांगतात आणि मरतात.
म्हणजे सुईणच की, मी म्हटलं.
आली, पाणी उकळायला लावलं,
चार माणसांना गप्प केलं,
गेली.

कुणाचं तू, ते मला सांगणार नाहीत.
शिमकेंटचं असशील, चालायलाही लागलं असशील,
टेबलाच्या कडेला धरून.
तुझी नाळ तोडली ती तुझ्यापासून.
माझ्याशी जुळली का, ते एप्रिलपर्यंत पाकिटात बंद.
जुळली असेल तर उलटंच झालं म्हणायचं,
माझी बेंबीची आई तू.
मी तुझं एक कापड लागते.
कपाटात निळं आहे, कीड न लागलेलं.

आज एकविसावा दिवस.
खाऱ्या काकड्यांच्या बरणीचं झाकण फिरलं.
मुलगी ओरडली, बघ!
मी म्हटलं, काल तूच उघडली होतीस ना?
ती गप्प झाली.
शिवाय हवा कोरडी आहे,
शिवाय स्टेरॉइड अजून पोटात आहे,
शिवाय मीठपाण्यावरही माणसं हसतात,
मी पाहिली आहेत.

तरी मी बरणी पुन्हा लावली,
घट्ट, दात आवळून, घट्ट,
आणि मुलीला बजावलं,
हिला आता हात लावायचा नाही.
उद्या मीच.
साडेदहाच्या आधी.